जुना संगणक भंगारात देऊ नका
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील मनोगत)



ऑफिसातला जुना संगणक भंगारात काढायचा ठराव पुढच्या सभेत येतोय. त्याआधी माझे दोन शब्द.

जूनमध्ये पाऊस लांबला की खामगावच्या उन्हात पोरं दुपारी बाहेर पडत नाहीत. तेव्हा सुट्टीत अमेरिकेहून आलेला माझा नातू आणि मी त्यावर अमेरिकन फुटबॉल खेळतो. 'जॉन मॅडन फुटबॉल' हा खेळ मूळ १९८८ चा. मॅडन स्वतः नावाजलेले प्रशिक्षक; पडद्यावरही अकरा-अकरा खेळाडू हवेतच, हा त्यांचा हट्ट. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. जमलं, तर आणखी चार; नाही तर चेंडू समोरच्याचा. चौथ्या वेळी चेंडू लाथेनं लांब धाडायचा की धोका पत्करायचा, इथंच खरी कसोटी! बोटांच्या चपळाईपेक्षा डोकं जास्त लागतं, म्हणून सत्तरीतला मीही टिकतो.

नातवाचं मराठी मोडकं, माझं इंग्रजी त्याहून मोडकं. पण "आजोबा, आता काय करायचं?" हे तो स्वच्छ मराठीत विचारतो.

म्हणून विनंती, तो संगणक कोपऱ्यात का होईना, राहू द्या.