मल्हाराची भावकी
(मंदिर जीर्णोद्धार समारंभातील भाषणाचा मजकूर)



मल्हार हा शब्द कानी पडला की खेड्यात प्रथम आठवतो तो जेजुरीचा खंडोबा. परंतु आजच्या भाषणाचा विषय असलेला मल्हार गायनातला आहे. पावसाळ्यात गायिल्या जाणाऱ्या रागांचे हे एक मोठे कुटुंब असून मेघ मल्हार, मियाँ मल्हार, गौड मल्हार, सूर मल्हार, रामदासी मल्हार, नट मल्हार ही त्यातील काही नावे होत. मल्हार गायिल्याने पाऊस पडतो अशी दंतकथा आहे. ती खरी असती तर सिन्नर-येवल्याकडील शेतकऱ्याने विहीर खणण्याऐवजी गवईच पदरी ठेवला असता!

भावकी म्हणजे काय हे गावातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आजोबांची जमीन एक. पुढे मुलांची खाती निराळी, चुली निराळ्या, पण आडनाव एक आणि कुलदैवत एक. मल्हाराचेही तसेच आहे. मध्यमावरून ऋषभावर उतरायचे आणि तेथून थेट पंचमावर जायचे, म्हणजे ‘म रे प’, ही या घराची खूण. ती कानावर आली की जाणकार म्हणतो, हा मल्हाराच्या घरातला.

यापुढे मात्र प्रत्येकाचा बांध वेगळा. मेघात गंधार आणि धैवत हे दोन स्वर लागतच नाहीत. मियाँ मल्हारात कोमल गंधार झुलता ठेवतात; आणि कोमल निषाद, धैवत, शुद्ध निषाद असे चढत वरच्या षड्जाला पोहोचतात. हा राग तानसेनाचा मानतात. ‘मियाँ’ ही त्याचीच पदवी. गौड मल्हारात गंधार शुद्ध असतो. रामदासी मल्हाराचे नाव अकबराच्या काळातील रामदास नावाच्या गवयावरून पडले असे सांगतात. समर्थांशी त्याचा संबंध नाही.

नुसते स्वर सारखे असले म्हणून नाते ठरते असेही नाही. मेघाचे आणि मध्यमाद सारंगाचे पाचही स्वर तेच. पण सारंग भर दुपारचा, सरळ चालीचा. मेघात ऋषभ मध्यमाचा स्पर्श घेऊन हेलकावतो, आणि ऐकणाऱ्याला आभाळ भरून आल्यासारखे वाटते. नावात साम्य असले म्हणून दोघांचा सात-बारा एक होत नाही, तशातलाच हा प्रकार. चाल पाहावी लागते.

या भावकीचे एक विशेष आहे. कोणी कोणाचा बांध कोरीत नाही आणि कोणी घराची खूणही टाकून देत नाही. म्हणूनच ती शेकडो वर्षे नांदली.

परंतु एके काळी ही विद्या घराण्याघराण्यांत कुलूपबंद होती. चांगली चीज पोटच्या मुलाला नाहीतर एखाद्या निष्ठावंत शिष्यालाच मिळे. ते कुलूप उघडणाऱ्यांत पं. विष्णु दिगंबर पलुसकर अग्रणी होते. त्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला. लहानपणी फटाक्याने त्यांचे डोळे अधू झाले, तेव्हा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. स्वरलिपीची पुस्तके छापून सामान्य घरातल्या मुलांपुढे ठेवली. पुढे मुंबईच्या विद्यालयाच्या इमारतीपायी कर्ज झाले व ती इमारत गेली; पण शिकवलेले शिष्य राहिले. उत्तरायुष्यात त्यांनी आपल्या नाशिकच्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम चालवला. १९३१ साली ते निवर्तले, तेव्हा नाशिकला जन्मलेले त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते. वडिलांची विद्या त्या मुलाला वडिलांच्या शिष्यांकडून, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडून, परत मिळाली. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवले म्हणून ती स्वतःच्या घरी परत आली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी दत्तात्रेयबुवा गेले, पण त्यांचे ध्वनिमुद्रित गाणे आजही ऐकले जाते.

आता गावाकडे वळू. देणगीदारांच्या उदार आश्रयाने नवा सभामंडप उभा राहिला आहे. दगड-सिमेंटचा जीर्णोद्धार झाला. चालींचा व्हावयाचा आहे. भजनातल्या जुन्या चाली मोजक्या वृद्धांच्या कंठात असतात, आणि माणूस गेला की चालही जाते. तिची वारसनोंद कोणत्याही कचेरीत होत नाही. म्हणून या मंडपात आठवड्यातून एक संध्याकाळ मुलामुलींना पेटी, पखवाज व गायन शिकवावे, ही सर्वांना नम्र विनंती. त्यासाठी वेगळी वर्गणी नको. एक सतरंजी आणि जाणत्यांचा तासभर वेळ पुरेसा आहे. बांधावरून ज्या घरांचे बोलणे बंद आहे, त्यांचीही मुले त्या सतरंजीवर शेजारी शेजारी बसतील. एका सुरात म्हणायला लागली, तर थोरांनाही कधीतरी ऐकायला यावेच लागेल.