शिष्यवृत्तीला राज्याची सीमा नको
(परराज्यात शिकू पाहणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांच्या प्रश्नावर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आपल्यापैकी बरेच जण महाराष्ट्राबाहेर राहतात. कोणी सुरतेत, कोणी भिलाईत, कोणी इंदूर-हैदराबादेत पोट भरतो. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातले गलाई कामगार तर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले आहेत. अशा घरातली मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली की आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो: आता आपण कोणत्या राज्याचे?

महाराष्ट्रातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या ८५ टक्के जागा राज्यासाठी असतात. त्यांवर हक्क सांगायचा तर सर्वसाधारणपणे अधिवासाचा दाखला हवा आणि दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच झालेली हवी. अधिवासासाठी १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे, सरकारी नोकरांच्या मुलांनाही काही सवलत आहे. कारण त्यांच्या स्थलांतराला 'बदली' म्हणतात. पोटासाठी गाव सोडणाऱ्या कामगाराच्या स्थलांतराला मात्र शासनाच्या कागदावर नाव नाही. ज्या राज्यात तो राबतो तेथेही बहुधा अशाच अटी असतात. मग मुलगी दोन्हीकडून परकी ठरते.

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. स्थानिक विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवणे हे मुळातच संकुचित आहे, असे आपण म्हणत नाही. जनतेच्या करातून उभ्या राहिलेल्या महाविद्यालयातून त्या भागाला डॉक्टर मिळावेत, ही अपेक्षा न्याय्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली या आरक्षणाला मर्यादा घातली आणि त्यातूनच पुढे अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा आल्या. जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणातील निवासाधारित आरक्षण न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. एमबीबीएसचे कायम राहिले. तेव्हा 'स्थानिक विरुद्ध परप्रांतीय' असा वाद घालणाऱ्यांच्या मागे आपण जाता कामा नये.

खरी भिंत कोणती, हे इतिहासच सांगतो. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्यभारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती आणि बाहेरच्यांना १५०० रुपये मोजावे लागत. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिले. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो नियम वैध ठरवला. १९८९ साली कर्नाटक सरकारने खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांचे दर ठरवून दिले: सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्यांना २५,००० पर्यंत आणि राज्याबाहेरच्यांना ६०,००० पर्यंत. मीरतच्या एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर १९९२ साली न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाविरोधी ठरवली. पण पुढच्याच वर्षी, १४ वर्षांनंतरच्या शिक्षणाचा हक्क राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत आहे, असा निर्णय आला. खाजगी महाविद्यालयांचा व्यवस्थापन कोटा आजही आहेच. म्हणजे परराज्यातील विद्यार्थ्याला दार बंद नाही. दार उघडेच आहे, फक्त त्याला किंमत आहे. श्रीमंताचा मुलगा कोणत्याच राज्यात परका नसतो.

आता आर्थिक साहाय्याकडे वळू. बहुतेक राज्यांच्या फी-सवलतींना दोन अटी असतात: विद्यार्थी त्या राज्याचा रहिवासी असावा आणि महाविद्यालयही त्याच राज्यातले असावे. राज्य ओलांडले की सवलत मागे राहते. अनुसूचित जातींसाठीची केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थ्याबरोबर बाहेर जाऊ शकते. तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला अडीच लाख आहे आणि अर्ज मूळ राज्याकडेच करावा लागतो. २०२१ पासून बहुतेक राज्यांत तिच्या खर्चाचा ६० टक्के भार केंद्रावर व ४० टक्के राज्यावर आहे. महाविद्यालय मात्र फी प्रवेशाच्या दिवशीच मागते. शिष्यवृत्ती येईपर्यंतचे महिने गरीब बाप कोणाच्या दारात काढतो? सावकाराच्या.

जातीच्या दाखल्याची कथाही अशीच आहे. वडिलांच्या नोकरीमुळे नऊ वर्षांचा असताना आंध्रातून मुंबईत आलेल्या एका मुलाला वैद्यकीय प्रवेशात अनुसूचित जमातीचा लाभ नाकारण्यात आला. एका राज्यातील अनुसूचित दर्जा स्थलांतरिताला दुसऱ्या राज्यात मिळत नाही, असे १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. दारिद्र्य आणि अवहेलना मात्र रेल्वेच्या डब्यातून बरोबर येतात, त्यांना कोणी सीमेवर उतरवून घेत नाही.

यावर उपाय नाही, असे नाही. जम्मू-काश्मीरच्या विद्यार्थ्यांनी राज्याबाहेर शिकावे म्हणून केंद्राने २०११ साली वर्षाला ५,००० शिष्यवृत्त्यांची योजना सुरू केली. तीत फी आणि राहण्या-जेवण्याचा खर्च या दोन्हींचा विचार आहे. एका प्रदेशासाठी जे शक्य झाले ते सर्व गरीब विद्यार्थ्यांसाठी का होऊ नये? १९७६ पासून शिक्षण समवर्ती सूचीत आहे. अधिकार घेताना केंद्र पुढे असते, मग जबाबदारी घेतानाही त्याने पुढे आले पाहिजे.

वसतिगृहाचा प्रश्नही विसरू नका. परगावच्या गरीब विद्यार्थ्याला वसतिगृह नसेल तर प्रवेश कागदावरच राहतो. २०१९ साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात एकट्याच्या खोलीचे मासिक भाडे २० रुपयांवरून ६०० करण्याचा निर्णय झाला, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर आले आणि प्रशासनाला काही प्रमाणात माघार घ्यावी लागली. लढल्याशिवाय ती माघारही मिळाली नसती.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. शिष्यवृत्ती महाविद्यालयाच्या पत्त्याशी न बांधता विद्यार्थ्याबरोबर जावी. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नये. स्थलांतरित कामगाराच्या मुलाला, तो जेथे शिकला त्या राज्यात स्थानिक मानावे. सरकारी वसतिगृहे वाढवावीत.

आणि मागण्यांबरोबर कामही हवे. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील अकरावी-बारावीच्या मुलांची यादी आत्ताच करावी. जातीचा, उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला गावाकडच्या तहसील कचेरीतून प्रवेशाच्या धांदलीपूर्वी मिळवून द्यावा. दाखला आठ दिवस उशिरा आला म्हणून एखाद्या मुलीचे वर्ष वाया गेले, तर त्या अपयशाचा काही वाटा आपलाही असेल.