पाण्याखालची परीक्षा



आपल्या शाळांतून भरणाऱ्या विज्ञानप्रदर्शनांत फिरताना मला नेहमी एक शंका येते. तो सुबक ज्वालामुखी मुलाने केला, की त्याच्या वडिलांनी? आणि ज्याच्या घरी असे हौशी, शिकलेले वडील नाहीत, त्याने काय मांडावे? या प्रश्नाला एक उत्तर अमेरिकेत मिळाले आहे. ते पूर्ण समाधानकारक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहराच्या पश्चिम भागात कार्ल हेडन नावाची सरकारी शाळा आहे. तेथील बहुतेक मुले मेक्सिकोतून आलेल्या गरीब कुटुंबांतील. २००४ साली तेथील चार मुले कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे, पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रांच्या स्पर्धेस गेली. चौघांपाशीही अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर परवाना नव्हता. फ्रेडी लाजवार्डी व अ‍ॅलन कॅमेरॉन या त्यांच्या शिक्षकांनी मुलांचे नाव मुद्दाम वरच्या, महाविद्यालयांच्या गटात घातले. हरायचेच, तर मोठ्यांकडून हरण्यात लाज कसली!

यंत्र केले होते प्लॅस्टिकच्या नळांचे, सुमारे आठशे डॉलरांत. समोर एम. आय. टी.सारखी जगविख्यात संस्था. तिच्या पाठीशी मोठी तेलकंपनी. त्यातच सरावाच्या वेळी यंत्राच्या पेटीत पाणी शिरले. मुलांनी उपाय काढला, तो बायका महिन्याच्या दिवसांत वापरतात त्या शोषक कापसाच्या गुंडाळ्यांचा! त्या आणायला लोरेन्झो सांतिलान हा पोरगा दुकानात गेला, आणि कोणती चांगली हे त्याने तेथल्या एका बाईंनाच विचारले. आपण हसलात, पण पेटीतली विद्युत्-यंत्रणा कोरडी राहिली.

या चौघांनी स्पर्धा जिंकली. मला विशेष वाटते ते दुसऱ्याच एका पारितोषिकाचे. तांत्रिक अहवालाच्या लेखनाचे बक्षीसही त्यांनाच मिळाले, आणि इंग्रजी ही त्यांची घरची भाषा नव्हे. ज्या मुलांकडून कोणी काही मागितलेच नव्हते, त्यांच्याकडून त्या दोन शिक्षकांनी मोठे काम मागितले. स्पर्धेचा खरा उपयोग मला येथे दिसतो, बक्षिसात नव्हे.

पण पुढे? परवाना नसलेल्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयात राज्याची सवलतीची फी लागू नये, असे अ‍ॅरिझोनाच्या मतदारांनी २००६ साली बहुमताने ठरवले. चौघांपैकी क्रिस्तियन आर्सेगा विद्यापीठात शिकत होता. वाढलेली फी न झेपल्याने त्याचे शिक्षण सुटले. दोघे स्वयंपाकाच्या धंद्याकडे वळले. ऑस्कर वास्केझ मात्र २००९ साली अभियंता झाला आणि परवाना रीतसर मिळावा म्हणून आपण होऊन मेक्सिकोत परतला. २०१० साली त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. मग तो अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला.

फीचा तो निर्बंध मतदारांनीच २०२२ साली, थोड्या मतांच्या फरकाने, उठवला. म्हणजे स्पर्धा जिंकल्यानंतर अठरा वर्षांनी. आर्सेगाचे शिकण्याचे वय तोवर निघून गेले होते.