नव्वद सेकंदांचा चित्रपट

(वसई येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी कलाशाखेचा पदवीधर. संगणकाच्या बाबतीत जवळजवळ निरक्षर. तरीही या विषयावर बोलण्यास उभा आहे, त्याला कारण गेल्या वर्षी माझ्याकडे आलेले नालासोपाऱ्याचे एक गृहस्थ. मुलाने ‘व्हिडिओ गेमचे ट्रेलर करणार’ म्हटले आणि यांनी कर्ज काढून एका खासगी संस्थेचे शुल्क भरले. वर्षाअखेर मुलाच्या हाती प्रमाणपत्र आले. दाखविण्याजोगे काम मात्र एकही नव्हते. “साहेब, हे क्षेत्र खरे आहे की नुसती भूल?” एवढेच त्यांनी विचारले.

क्षेत्र खरे आहे. खेळ बाजारात येण्यापूर्वी त्याची ओळख करून देणारा मिनिट-दोन मिनिटांचा चित्रपट म्हणजे सिनेमॅटिक ट्रेलर. पुष्कळदा तो खेळ रचणारी मंडळी स्वतः करीत नाहीत. त्यासाठी वेगळे स्टुडिओ असतात. २०११ साली ‘डेड आयलंड’ या खेळाचा ट्रेलर ग्लासगोच्या ॲक्सिस या संस्थेने केला. एका कुटुंबावरील आघात त्यात उलट्या क्रमाने दाखविला होता. कान येथील जाहिरात महोत्सवात त्याला सुवर्ण सिंह मिळाला. खेळापेक्षा ट्रेलरच लोकांच्या अधिक लक्षात राहिला, हेही खरे! पोलंडचा टोमेक बागिन्स्की वास्तुशास्त्राचे शिक्षण सोडून या वाटेला आला. त्याच्या ‘कॅथेड्रल’ या लघुपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले आणि पुढे ‘विचर’ खेळाचे चित्रपट त्याच्याकडे आले. प्रमाणपत्र नव्हे, काम बोलले.

आता गणित पाहा. सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे नव्वद सेकंदांना २,१६०. एका संगणकाला एका चित्रास एक तास लागतो असे धरले, तरी नव्वद दिवस झाले. म्हणून अनेक संगणक एकत्र जुंपतात, किंवा अनरियलसारख्या इंजिनात दृश्य तत्काळ उमटवितात. पण त्याआधी कथा, चित्रपट्टिका, पात्राची घडण, त्याच्या सांध्यांची बांधणी, अभिनय, प्रकाश. आणि शेवटी संकलन व ध्वनी. एकच मनुष्य हे सारे करीत नाही. मुलाला यांतले नेमके काय आवडते, हे शुल्क भरण्यापूर्वी विचारावे. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. सहा महिने घरी त्यावर हात चालवून पाहावा.

आपल्याकडे हे होत नाही, असे मात्र म्हणू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी मंडळी थांबली नाहीत. पहाडी चित्रशैली, राजस्थानी वास्तू, दुर्गा-विष्णूंच्या कथा आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेले कथानक! त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन होते. आणि दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या हलवून चित्रपट केला, तेव्हा त्यांना कोणत्या संस्थेने प्रमाणपत्र दिले होते?

अडचणी सांगितल्याच पाहिजेत. काम बहुधा कंत्राटी. प्रदर्शनाच्या तोंडावर रात्री जागाव्या लागतात, आणि मग विरार लोकलचा प्रवास आहेच. कृत्रिम बुद्धिमत्ता आता सोपी कामे झपाट्याने करू लागली आहे. नवशिके आजवर ज्या कामांवर शिकत, नेमकी तीच. मला याची सर्वांत अधिक काळजी वाटते. मुंबईत आता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था उभी राहिली आहे. तिथेही चौकशी करावी. पण कोठेही जा, मागच्या विद्यार्थ्यांचे काम पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.

त्या मुलाला मी म्हटले, “आपला वसईचा किल्ला घे. १७३९ सालचा वेढा, बुरुजाखालचे सुरुंग. तीस सेकंद करून आण.” परवा तो अकरा सेकंद घेऊन आला. मला तर उत्तम वाटले. तोच म्हणाला, “काका, मशालीचा उजेड दगडावर खोटा पडतोय.” रविवारी तो पुन्हा किल्ल्यात जाणार आहे, दगड पाहायला.