शेवटच्या पानावरचे शब्द
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आत्ता माझी ओळख 'आयटीत नाव काढलेली मैत्रीण' अशी करून दिली गेली. त्यात थोडी दुरुस्ती करते. मी सध्या नवखी आहे. 2015 मध्ये सासूबाईंचं आजारपण आणि धाकटीचा जन्म एकदमच आले, तेव्हा राजीनामा दिला. त्यानंतर 8 वर्षं घरी होते. 2023 च्या जूनमध्ये, वयाच्या 43 व्या वर्षी, नव्या कंपनीत रुजू व्हायला पुन्हा हिंजवडीच्या बसमध्ये चढले. त्या पहिल्या तीन आठवड्यांबद्दलच बोलणार आहे.

पहिले चार दिवस लॅपटॉप, ओळखपत्र आणि निरनिराळ्या परवानग्या मिळवण्यात गेले. खरी पंचाईत रोज सकाळच्या पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये व्हायची. डॉकर, पाइपलाइन, पुल रिक्वेस्ट... सगळे भराभर बोलायचे आणि मी मान डोलवायचे. न कळलेला शब्द गुपचूप वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचा, रात्री मुली झोपल्या की शोधायचा.

ही सवय कुठली, ते आठवतंय का कुणाला? आठवीत आपलं सेमी-इंग्रजी सुरू झालं, तिथली. सातवीपर्यंत अंश आणि छेद म्हणणारे आपण एकदम न्यूमरेटर-डिनॉमिनेटरवर आलो. तेव्हाही मी शेवटच्या पानावर यादी करत होते. गणिताच्या बाईंनी फळ्यापाशी बोलावलं आणि मी अख्खा अपूर्णांक उलटा लिहिला. वर्ग हसला. (हसणाऱ्यांपैकी निदान चौघं आत्ता समोर बसलेत, नावं घेत नाही.) बाईंनी वही मागितली, शेवटचं पान पाहिलं आणि म्हणाल्या, "इतके दिवस विचारलं का नाहीस गं?" बाई, तुम्हाला हे आठवत नसेल. मला तुमचा आवाजसुद्धा आठवतो.

तरी 43 व्या वर्षी मी तेच केलं.

माझ्या जुन्या नोकरीत आम्ही सबव्हर्जन वापरायचो. प्रोग्रामचा सगळा इतिहास एका मध्यवर्ती सर्व्हरवर असायचा. इथे गिट होतं. लिनस टोर्वाल्ड्स यांनी ते 2005 मध्येच लिहिलं, पण आमच्या त्या ऑफिसात काही ते पोचलं नव्हतं. नवव्या दिवशी मी आणि 26 वर्षांचा एक सहकारी एकाच ब्रँचवर काम करत होतो. सर्व्हर माझं काम स्वीकारेना. शेजारी बसलेल्या मुलाला विचारायचं, तर मी इंटरनेटवर शोधलं. कुणीतरी लिहिलं होतं, आज्ञेच्या शेवटी 'फोर्स' जोडा. जोडलं. काम गेलं एकदाचं. दहा मिनिटांनी लक्षात आलं की त्या मुलाचं दोन दिवसांचं काम सर्व्हरवरून गायब झालंय.

पुढची चाळीस मिनिटं मी कुणालाही काही बोलले नाही. स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं. नवऱ्याला फोन लावला आणि त्याने उचलायच्या आत बंद केला. राजीनाम्याच्या पत्राच्या दोन ओळी मोबाइलवर लिहिल्यासुद्धा. मग उठले, त्याच्या खुर्चीपाशी गेले आणि सांगितलं.

तो म्हणाला, "मॅडम, माझ्या लॅपटॉपवर आहे ना सगळं." गिटमध्ये ज्याच्या-त्याच्या मशीनवर इतिहासाची पूर्ण प्रत असते. हे मी वाचलं होतं, पण भीतीपुढे आठवलं नव्हतं. त्याने पंधरा मिनिटांत दोघांचं काम एकत्र करून परत चढवलं, कागदावर फांद्या काढून मला समजावलं आणि शेवटी विचारलं, "अडलं तेव्हा विचारलं का नाही?"

मला हसूच आलं. त्याला कारण सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका रिपोर्टमध्ये तारखा मधूनच चुकायला लागल्या, तेही गर्दीच्या वेळीच. जावामधली एक जुनी तारीखवाली वस्तू अनेकांनी एकाच वेळी वापरली की असं होतं. हा ताप मी पूर्वी भोगलेला, त्यामुळे बघताक्षणी ओळखला. अनुभवाचा विजय वगैरे समजू नका. दुसऱ्याच दिवशी एका साध्या परीक्षणात माझ्या कामावर 17 शेरे आले.

'मॅडम' मात्र मी बंद करायला लावलं. नुसतं नाव घ्यायला त्या मुलाची जीभ वळेना, तेव्हा 'ताई'वर तडजोड झाली. आता चेन्नईची सहकारीही ताईच म्हणते. तिला ते माझं नावच वाटायचं. तमिळमध्ये 'ताय' म्हणजे आई, त्यामुळे सुरुवातीला तिची थोडी धांदल उडाली होती.

ती वही अजून आहे. शेवटच्या पानावर सहा शब्द शिल्लक आहेत, ते सोमवारी विचारायचेत. बाई, तुमच्यासाठी वही आणलीय, जेवताना दाखवते. मसालेभाताचा वास इथपर्यंत आलाय, तेव्हा थांबते.