गिधाडं कुठं गेली?



आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरत. बघता बघता नुसता सांगाडा उरे. आता ढोर पडून कुजतं. भटकी कुत्री जमतात. पण गिधाड दिसत नाही. ती कुठं गेली? आज आपण याचाच विचार करू.

आधी 'जात' म्हणजे काय ते पाहू. खिलार, डांगी, देवणी ही गुरं दिसायला वेगळी. पण खिलार गाईला डांगी वळूपासून वासरू होतं. त्या वासरालाही पुढं वासरं होतात. म्हणून शास्त्र सांगतं, ही सारी एकच जात. घोडी आणि गाढव यांचं खेचर होतं. पण खेचराला सहसा पिलू होत नाही. तिथं वंश थांबतो. म्हणून घोडा आणि गाढव या दोन जाती.

गिधाडांचंही तसंच आहे. आपल्याला ती सारखीच वाटतात. पण पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडावर घरटं करतं. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत राहतं. या दोन जाती वेगळ्या. एक जात संपली, तर दुसरी तिचा वंश चालवू शकत नाही.

जात टिकायची तर जितके मरतात तितके तरी जन्मले पाहिजेत. कोंबडी एका वेळी दहा-बारा पिलं काढते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. गिधाडं भराभर मेली, तर तूट लवकर भरून येत नाही.

आणि तसंच घडलं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत या दोन्ही जातींची १०० पैकी ९५ हून जास्त गिधाडं नाहीशी झाली. ना रोग, ना शिकारी. मग काय? २००४ साली शास्त्रज्ञांनी कारण शोधलं. डायक्लोफिनॅक नावाचं औषध! सूज आणि दुखणं कमी व्हावं म्हणून आपण ते गुरांना टोचत होतो. औषध अंगात असताना ढोर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. गिधाडं मरत. आपण मुद्दाम मारलं नाही, पण सुई आपल्याच गोठ्यातली होती.

२००६ साली सरकारनं गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. पण नुसत्या बंदीनं भागत नाही. माणसांसाठीचं औषध गुरांना टोचू नका. गुरांच्या डॉक्टरांना सांगा, "गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम द्या." मेलेल्या ढोरावर विष टाकू नका. घरट्याचं झाड तोडू नका.

गिधाड गावाची घाण फुकटात साफ करतं. एक अंडं, एक पिलू, एवढीच त्याची पुंजी आहे. ती राखणं आपल्या हाती आहे.