शिक्षकाचा आवाज : निगा व उपाय
(शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



प्रत्येक व्यवसायाची काही साधने असतात आणि चांगला कारागीर त्यांची निगा राखतो. सुतार रंध्याचे पाते पुसून ठेवतो. शेतकरी पावसापूर्वी औताची डागडुजी करतो. शिक्षकाचे मुख्य साधन त्याची वाणी. खडू संपला तर मागणी जाते, फळा विटला तर तो रंगविला जातो. आवाज बसला तर मात्र खडीसाखर तोंडात धरून पुढचा तास सुरू होतो. घोगरा आवाज म्हणजे दीर्घ सेवेचा दाखला, अशीही समजूत कित्येक ठिकाणी आढळते. ती सोडून दिली पाहिजे, कारण टिकून राहिलेला घोगरेपणा हे विकाराचे लक्षण होय.

हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्वरभेदाचे सहा प्रकार वर्णिले असून, त्याच्या कारणांत अति उच्च स्वराने बोलणे व मोठ्याने अध्ययन करणे यांचा उल्लेख आहे. पाठशाळा आणि घसा यांचा संबंध प्राचीन वैद्यांच्याही ध्यानात आला होता. पुढे १८५४ साली मानुएल गार्सिया यांनी आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र कार्य करताना पाहिले. गार्सिया वैद्य नव्हते. ते गायनाचे शिक्षक होते.

स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. फुप्फुसांतील हवा वर येताना ते एकमेकांवर आदळतात आणि ध्वनी उत्पन्न होतो. साध्या बोलण्यात पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे शंभर ते सव्वाशे वेळा, तर स्त्रीचे सुमारे दोनशे वेळा आदळतात. म्हणून तेवढ्याच बोलण्याने शिक्षिकेच्या स्वरतंतूंवर अधिक भार पडतो. ओरडून बोलल्यास आघात जोराचा होतो, स्वरतंतूंना सूज येते, आणि त्या सुजेवरच ताण चालू राहिला तर गाठी धरू शकतात. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असता दोन इयत्ता एकत्र शिकविणाऱ्या शिक्षकाच्या घशात हेच घडत असते.

या विकाराचे प्रमाण किती? अमेरिकेतील आयोवा व युटा या राज्यांत नेल्सन रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत १,२४३ शिक्षक व १,२८८ इतर व्यक्ती होत्या. आयुष्यात केव्हा ना केव्हा आवाजाचा विकार झालेल्यांचे प्रमाण शिक्षकांत ५७.७ टक्के, तर इतरांत २८.८ टक्के आढळले. ही व्यवसायाची व्याधी आहे. एखाद्या शिक्षकाचा वैयक्तिक दुबळेपणा नव्हे.

आवाज स्वरयंत्रात उत्पन्न होतो. त्याचे शब्द तोंडात घडतात. म्हणून मुखाच्या आरोग्याचा विचार वेगळा करता येत नाही. पुढचे दात पडले की दंत्य वर्ण अस्पष्ट होतात, आणि मुले ऐकतात तसेच उच्चारतात. त्याहून गंभीर प्रश्न मिसरी, तंबाखू व सुपारीचा आहे. मिसरी ही भाजलेली तंबाखूच होय. ती दात राखते हा भ्रम आहे. नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. सुपारीने तोंडाची आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. याची परीक्षा सोपी आहे. प्रौढ माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावली पाहिजेत. ती मावत नसतील, किंवा तोंडातील व्रण दोन आठवड्यांत भरून येत नसेल, तर विलंब करू नये. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास बंदी आहे. परंतु शाळेतच गुरुजींच्या खिशात पुडी असेल तर त्या कायद्याचा उपयोग काय?

आता मनाचा भाग. रिचर्ड लॅझारस व सुसान फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात संकटाला तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले : मूळ अडचणीवर उपाय करणे आणि मनातील भावना सावरणे. दोन्हींना आपापले स्थान आहे. मात्र जो विकार उपायाने बरा होण्यासारखा आहे, तो ‘चालायचेच’ म्हणून सोसत राहणे हे धैर्य नव्हे. आवाज बसलेला शिक्षक हळूहळू प्रश्न विचारणे टाळतो, गोष्ट सांगणे सोडतो, चिडतो. आणि वर्ग मुका होतो.

पुणेकरांना सवाई गंधर्वांचे उदाहरण परिचित आहे. रामभाऊ कुंदगोळकर यांचा बालपणीचा गोड आवाज वयात येताना फुटला व जड झाला. अब्दुल करीम खाँ यांच्या देखरेखीखाली नेटाने मेहनत करून त्यांनी तो पुन्हा घडविला. १९५२ साली पुण्यात त्यांचे निधन झाले, आणि १९५३ पासून त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. सातवी-आठवीतील मुलाचा आवाज फुटतो तेव्हा वर्गाने त्याची थट्टा करू नये, हेही यावरून शिक्षकांनी घ्यावे.

उपाय कोणते? घोटघोट पाणी प्यावे. घसा वारंवार खाकरू नये. आवाज बसला असता कुजबुजूनही बोलू नये; त्यानेही ताण पडतो. परंतु नुसत्या सूचना पुरत नाहीत. रॉय यांच्याच २००२ च्या प्रयोगात विकारग्रस्त शिक्षकांपैकी एका गटाला अंगावर बाळगण्याचा लहान ध्वनिवर्धक दिला, दुसऱ्याला निगेच्या सूचना दिल्या. सहा आठवड्यांनी ध्वनिवर्धक वापरणाऱ्यांत स्पष्ट सुधारणा दिसली. नुसत्या सूचना मिळालेल्यांत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे परिस्थितीच बदलली पाहिजे. मुलांना अर्धवर्तुळात जवळ बसवावे. शांततेसाठी ओरडण्याऐवजी टाळीची वा घंटेची खूण ठरवावी. मोठ्या बोलण्याच्या तासानंतर लेखनाचा तास घ्यावा. शाळा व्यवस्थापन समितीने अनुदानातून वा लोकवर्गणीतून एक ध्वनिवर्धक घेतल्यास तो खर्च वाया जाणार नाही.

घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. औंधचे जिल्हा रुग्णालय व पुण्याचे ससून रुग्णालय यांचा मार्ग जिल्ह्यातील शिक्षकांस मोकळा आहे. पुण्यातील भारती विद्यापीठात तर वाचा व श्रवण यांच्या चिकित्सेचे स्वतंत्र शिक्षण दिले जाते. स्वरतंतूंवरील सूज व लहान गाठी योग्य स्वरोपचाराने पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून बऱ्या होतात. कर्करोगही लवकर ओळखल्यास आटोक्यात येतो. उशीर मात्र भरून काढता येत नाही.

पहिलीतले मूल अक्षर ओळखण्यापूर्वी शिक्षकाचा आवाज ओळखते. तो आवाज निरोगी राखणे हे पाठाच्या तयारीइतकेच शिक्षकाचे कर्तव्य आहे. पुढच्या केंद्रसभेत प्रत्येक शाळेने आपल्या शिक्षकांपैकी कोणाचा आवाज बसलेला आहे एवढे तरी विचारावे, आणि त्याला त्याच आठवड्यात तपासणीस पाठवावे.